शुक्रवारचा गंधार

भिवंडीतल्या माणसाला विचारा, शांतता कधी असते, तर तो वार सांगेल. शुक्रवार. बाकीचे सगळे दिवस आमच्या गल्लीत लूमची खटखट चालू. पहिली शिफ्ट संपली की दुसरी. आम्ही घरात बोलायचो तेसुद्धा ओरडून. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, या घरात सारखी भांडणं चालतात. आता भांडणं होत नव्हती असं मी म्हणणार नाही, माझाच राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. पण निम्मा आवाज लूमचा असायचा, एवढं आमच्या बाजूनं धरा.

शुक्रवारी कारखाने बंद. लाइटही बहुतेक वेळा दुपारभर नसायची, कारण तारांची दुरुस्ती, खांबांची कामं, जे काय असेल ते त्याच दिवशी काढायचे. मग एकदम कावळा ऐकू यायचा. शेजारच्या घरात भाजीला पडलेली फोडणी ऐकू यायची. आणि आमच्या घरात बाबा पेटी उघडून बसायचे.

बाबा लूमचे जॉबर होते. लूम बिघडला की तो खोलून ठीक करायचा, हे त्यांचं काम. कामावरून सुटले की वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंती, विहारातले कार्यक्रम, लग्नं, नामकरणं, सगळीकडे पार्टी जायची. पार्टीत गाणारे दोघं. एक मास्तर, खरोखरचे शाळामास्तर, आवाज असा खणखणीत की माइक बंद पडला तरी कोणाला कळायचं नाही. दुसरी माझी आत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण. वडप्याच्या बाजूला गावात दिलेली, नवरा लवकर वारला, तेव्हापासून आमच्यात. घरातच कांडी मशीनवर बसून ती दिवसभर कांड्या भरायची. लूममध्ये आडवा धागा पुरवणाऱ्या त्या सुताच्या कांड्या. भरता भरता गायची. लूमच्या आवाजात ते कोणालाच ऐकू जायचं नाही, बहुधा तिलाही नाही. नुसते ओठ हलताना दिसायचे. आम्हा मुलांना ओठांवरून गाणं ओळखायची सवय झाली होती.

तिनं स्वतः रचलेला एक पाळणा होता. जयंतीच्या संध्याकाळी तो झाल्याशिवाय वस्तीतल्या बायका जागच्या हलत नसत. पाळण्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती गंधारावर येऊन थांबायची, सा रे ग मधल्या त्या ग वर, आणि तिथे श्वास संपेपर्यंत राहायची. त्या थांबण्यासाठी बाबांचा सगळा खटाटोप चालायचा.

पेटीच्या पोटात पितळेच्या बारक्या पट्ट्या असतात. हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो, म्हणून बाबा त्या पट्ट्यांनाच 'सूर' म्हणायचे. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जयंती जवळ आली की शुक्रवारी दुपारी बाबा कामाच्या पिशवीतली सगळ्यात बारीक कानस काढायचे, आत्याला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "अक्का, गंधार दे."

आत्या डोळे मिटून गंधार लावायची. बाबा पट्टी जरा घासायचे, पेटीत बसवून वाजवून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा बाहेर काढायचे. "अक्का, दे." पुन्हा गंधार. आई स्टोव्हपाशी कपाळाला हात लावायची. "एका सुरावर बहीणभाऊ दुपार घालवणार, आणि दळण मी आणायचं."

दुनियेत गाणारे पेटी धरून गातात. आमच्याकडे आत्याला धरून पेटी लावली जायची. मला वाटायचं, सगळीकडे असंच करतात.

याचा त्रास व्हायचा तो मास्तरांना. आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी हा तिचा सा. मास्तरांची काळी एक. बाबांनी सगळे सूर आत्याच्या सा पासून लावलेले, त्यामुळे मास्तर आपल्या पट्टीत गायला लागले की मधलाच एखादा सूर भातातल्या खड्यासारखा लागायचा. मास्तर गाता गाता बाबांकडे डोळे वटारून बघायचे. खाली उतरल्यावर विचारायचे, "ही पार्टीची पेटी आहे की बहिणीची?"

"दोघांची," बाबा म्हणायचे. "पण आधी बहिणीची."

मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले आणि पुढच्याच वर्षी बाबा गेले. छातीत कळ आली म्हणाले, पंखा लावायला सांगितलं, आणि पंख्याचं बटण दाबून मी वळले तर सगळं संपलं होतं. त्यावर आणखी काही लिहायचं नाही मला. पेटी आईनं माळ्यावर ठेवून दिली, नजरेसमोर नको म्हणून. पावसाळा संपल्यावर काढली तर उंदरांनी भाता कुरतडून टाकलेला आणि लाकूड फुगून आलेलं. पेटी दुरुस्त करणाऱ्यानं बघितलं आणि हात टेकले. नवीनच घ्या म्हणाला. मी त्याच्यावर उगीचच खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष. घरी येऊन पितळेच्या पट्ट्या तेवढ्या एकेक करून सोडवल्या, बाबांच्या रुमालात गुंडाळल्या आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.

पेटी थोडीफार मलाही येत होती, बाबांकडे बघून बघून आलेली. पार्टीत वाजवायला आता कोणी नव्हतं, म्हणून मास्तर घरी आले आणि म्हणाले, "पोरी, तू बस." त्याच सुमारास गल्लीतला एक शेजारी दुबईहून कायमचा परत आला. त्यानं येताना एक इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला होता आणि आता त्याला तो नको होता. मी माझ्या पगारातून तो घेतला. नव्वद सालानंतरची गोष्ट. तोवर वस्तीत असलं काही कोणी बघितलं नव्हतं. बटण दाबलं की सतार, बटण दाबलं की बासरी. पोरं दारात गर्दी करायची आणि आई त्यांना झाडू दाखवायची.

मास्तर तर हरखून गेले. या कीबोर्डवर कुठलीही पट्टी घ्या, सगळ्या सारख्याच. कारखान्यातून येतानाच बारा सुरांमधलं अंतर अगदी समान करून पाठवलेलं. काळी एक लावा नाहीतर काळी चार, कुठेही खडा नाही. "आता कशी पेटीतसुद्धा समता आली," मास्तर म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मलाही ते पटलं. समता कोणाला नको आहे?

आणि मग त्या वर्षीच्या जयंतीला आत्या माझ्या कीबोर्डवर पाळणा गायली.

कडवं छान आलं. शेवटी ती गंधारावर थांबली, आणि ते बरोबर लागेना. तिचा सूर कीबोर्डच्या खाली राहत होता. फार नाही, केसाएवढा. पण ती थांबायची ते लांब, त्यामुळे तो केस सगळ्यांना दिसला. दुसऱ्या कडव्याला तिनं सूर वर ढकलून बघितला, तर आवाज फाटला. तिसऱ्याला ती गंधारावर थांबलीच नाही, नुसता स्पर्श करून खाली आली. ढोलकीवाले काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अक्काचा सूर उतरायला लागला." खाली बसलेली एक बाई म्हणाली, "वय झालं आता." आत्याचे कान चांगले होते. तिनं दोन्ही ऐकलं.

पुढच्या वर्षीही तेच झालं. मधे कुठे लग्नात गायली तिथेही तेच. मग एक दिवस तिनं जाहीर करून टाकलं, "आता पोरी गातील. माझा आवाज गेला." आम्ही आग्रह केला, पण आग्रहात दम नव्हता. कारण आम्हाला सगळ्यांना तसंच वाटत होतं. मलासुद्धा.

स्टेजवर गायची थांबली, हे मी सोसलं असतं. पण कांडी मशीनवर तिचे ओठ हलायचे थांबले. मशीन फिरतंय, कांड्या भरतायत, आणि आत्या तोंड मिटून समोर बघत बसलीय. ड्युटीवरून आले की मला तेच दिसायचं. मी जेवायला बसले की घास फिरायचा तोंडात. बाबा गेल्यानंतर घरातून आणखी एक माणूस चाललंय आणि आपण नुसते बघतोय, असं वाटायचं.

असंच वर्ष गेलं. मी ऑफिसात भांडून माझी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी लावून घेतली होती. एका शुक्रवारी लाइट नव्हती, म्हणून मी कीबोर्डच्या पोटात जाडे सेल घातले आणि सोबत आलेलं माहितीचं पुस्तक घेऊन बसले. पुस्तक अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी. यंत्र आखातातल्या गिऱ्हाइकासाठी बनवलेलं होतं. त्यात एक बटण होतं, ते दाबलं की ठरावीक सूर एकदम अर्ध्यानं खाली यायचे, कारण तिकडच्या गाण्यात दोन सुरांच्या मधलेही सूर लागतात. मी ते दाबून आमचंच एक गाणं वाजवलं. असं काही विचित्र निघालं की समोरच्या कारखान्याचे चाचा शुक्रवारचे स्वच्छ कपडे घालून निघाले होते, ते दारात थबकले.

"बेटी, मशीन गिर गई थी क्या?"

मी हसत सुटले. हसता हसता डोक्यात आलं, सूर अर्ध्यानं खाली येतो, तर केसाएवढा येईल का?

पुस्तकात तीन पानं उलटली आणि सापडलं. बारापैकी प्रत्येक सूर वेगवेगळा चढवता-उतरवता येत होता. एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंत शंभर पायऱ्या धरल्या, तर त्यातल्या एकेका पायरीनं. मी काळी चारचा सा एका बोटानं दाबून धरला, गंधार दुसऱ्यानं, आणि गंधार पायरी पायरीनं खाली आणायला लागले. दोन सूर एकत्र वाजले आणि ते नीट जुळलेले नसले की त्यांच्यामध्ये एक थरथर येते, वांव वांव वांव अशी. इतर दिवशी लूमच्या आवाजात ती मला कधी ऐकूच आली नव्हती. एकेक पायरी उतरले तशी ती थरथर संथ होत गेली. चौदाव्या पायरीच्या आसपास ती थांबली. सूर नुसता पसरून राहिला.

आणि मी तो ओळखला. हा आमच्या घरातला आवाज होता. शुक्रवार दुपारचा.

मी बिस्किटांचा डबा काढला. रुमाल सोडला. गंधाराची पट्टी ओळखायला वेळ लागला नाही, तिच्या बुडाशी कानशीच्या ओरखड्यांची दाटी होती. ती ओठांत धरून फुंकली. पितळेची चव आली, खोकला आला, आणि मग बाबांचा गंधार वाजला. कीबोर्डवरचा माझा गंधार त्याच्याशेजारी धरला. थरथर नव्हती. मी तशीच पट्टी तोंडात धरून रडत बसले. आई बाहेरून आली, तिला वाटलं मला काही चावलं.

म्हणजे आत्याचा सूर उतरलेला नव्हता. ती तिथेच उभी होती, जिथे आयुष्यभर उभी राहिली. आम्ही पेटी बदलली आणि सरकल्याचा आळ तिच्यावर घातला.

त्यानंतरचे शुक्रवार मला वेड लागलं होतं. बाबांच्या सगळ्या पट्ट्या फुंकून फुंकून एकेक सूर त्यांच्याशी जुळवला. गंमत बघा, शुक्रवारी शांतता असते पण लाइट नसते, आणि लाइट असते तेव्हा थरथर ऐकू येईल इतकी शांतता नसते. बाबांच्या पेटीला फक्त हवा लागायची. माझ्या यंत्राला सेल लागायचे, आणि ते इतक्या भराभर खायचं की नाक्यावरचा दुकानदार मला बघितलं की न विचारता पुडकं काढून ठेवायचा. मी काय काय करून पाहिलं. मास्तरांच्या काळी एकपासून सगळे सूर लावले आणि मग काळी चारमध्ये पाळणा वाजवला, तर पाळण्याला सर्दी झाल्यासारखं वाटलं. दोघांच्या पट्ट्या एकदम शुद्ध करायला गेले, तर कुठला तरी तिसराच सूर कण्हायला लागला. एकाचं नीट केलं की दुसऱ्याचं बिघडतं, हे तेव्हा कळलं. कारखान्यातल्या शहाण्यांनी काय केलं होतं, तर सगळ्यांचं थोडं थोडं बिघडवून ठेवलं होतं, म्हणजे कोणाची तक्रार नको. त्यांची हुशारी मला मान्य आहे. पण राग आला तो आलाच.

एका शुक्रवारी सगळं मनासारखं लागलं. मी कीबोर्ड बंद करून झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, आत्या कांड्या उतरवून हातपाय धूत होती तेव्हा, तिला गाठलं. "आत्या, फक्त एक कडवं. माझ्यासाठी." ती नको नको म्हणत होती. मी इतकी मागे लागले की शेवटी वैतागून बसली. समोरचा कारखाना चालू होता, म्हणून मी आवाज वाढवला आणि सा दिला.

तिनं कडवं म्हटलं. गंधारावर आली. आणि पुन्हा तेच. तोच केस.

आत्यानं कडवं तिथेच सोडलं. मग म्हणाली, "बघितलंस? आवाजच न्हाय ऱ्हायला. आता परत मला सांगू नको." उठून आत गेली. तिच्या मागे जायची माझी हिंमत झाली नाही.

क्षणभर मलाही वाटलं, खरंच गेला असेल का हिचा आवाज? मग मी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे बघितले. सगळी शून्यं. मी लावलेलं सगळं कीबोर्ड विसरून गेला होता. बंद केला की तो कारखान्यातून आला तसा व्हायचा, हे पुस्तकात कुठेतरी बारीक अक्षरांत असेलही. मी वाचलं नव्हतं. बाबांची पेटी एकदा कानशीनं सांगितलेलं वर्षभर लक्षात ठेवायची. या दिवट्याला रात्र उलटेपर्यंत आठवेना. मी कीबोर्डला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत्याला समजावून काही उपयोग नव्हता. "यंत्राची चूक होती" असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "मन राखायला बोलतेस गं. ऱ्हाऊ दे." तेव्हा मी ठरवलं, आता बोलायचं नाही. जयंतीला सगळ्या वस्तीसमोर लावून दाखवायचं. एकदा तिचा गंधार माझ्या कीबोर्डवर बसला की तिला सांगावं लागणार नाही. आणि नाही बसला, तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हेही मला माहीत होतं.

जयंतीच्या दिवशी धामणकर नाक्याच्या अलीकडच्या मैदानात मंडप होता. मी दुपारीच जाऊन सगळे सूर लावले, आकडे पाठ झाले होते, आणि कीबोर्ड चालूच ठेवला. बाजूला खुर्ची टाकून राखणीला बसले. सेल घातले नव्हते. ऐन गाण्यात उतरतील म्हणून भीती वाटली आणि मंडपातल्या तारेवर भरवसा ठेवला. मास्तर आले, त्यांनी आपल्या पट्टीत एक ओळ वाजवायला सांगितली आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? जुनी पेटी परत आली का?"

"आली. आधी आत्याचा पाळणा, मग तुमची पट्टी सरळ करून देते."

"ती गाणार आहे?"

"बायका उठवतील तिला. तुम्ही मधे बोलू नका."

मास्तर माझ्या तोंडाला लागत नसत. ते पान खायला निघून गेले.

संध्याकाळी मंडप भरला. वंदना झाली. मग बायकांमधून पाळण्याची मागणी झाली. आत्या मागच्या सतरंजीवर आईजवळ बसली होती, मान खाली घालून. आई तिला म्हणाली, "अक्का, उठा. ते असते तर हाताला धरून नेलं असतं तुम्हाला." आईनं बाबांचं नाव काढलं की आत्याचा इलाज नसायचा. ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी सा दिला.

पहिलं कडवं. ती गंधारावर जायला घाबरत होती, मला तिच्या खांद्यावरून कळत होतं. गेली. आणि गंधार बसला. माझ्या बोटाखाली काही थरथरलं नाही. तिनं नुसता स्पर्श करून उतरायचं ठरवलं असणार, पण ती उतरली नाही. थांबली. श्वास संपेपर्यंत थांबली. मंडपात बायकांची कुजबुज थांबली. ढोलकीवाले काका माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या कडव्याला आत्याची मान वर आली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि लाइट गेली.

मंडपात हो हो झालं. कोणी मेणबत्त्या पुढे आणल्या, कोणी जनरेटरवाल्याच्या नावानं ओरडलं. मिनिटभरात जनरेटर धडधडला, दिवे आले, कीबोर्डचा पडदा उजळला. मला बघायचीही गरज नव्हती. शून्यं. बारा सूर पुन्हा लावायला वेळ पाहिजे, आणि आत्यानं तिसरं कडवं उचललंसुद्धा. मी वाजवायला नको होतं. पण हाताला सवय असते, हात चालू राहिले.

ती गंधारावर आली. केस दिसला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, कारण आता ती मान खाली घालणार, हे मला ठाऊक होतं.

आत्यानं मान खाली घातली नाही. तिनं वळून कीबोर्डकडे बघितलं. मघाशी बसत होता, आता बसत नाही. मधल्या वेळात तिचं काहीच बदललं नव्हतं. गंधार तसाच धरून ती दोन पावलं माझ्याकडे आली, माझं मनगट धरलं आणि हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. कीबोर्ड गप्प झाला. मग ती उरलेला पाळणा नुसत्या ढोलकीवर गायली, प्रत्येक गंधारावर मुक्काम करत, आणि जनरेटरच्या धडधडीतही तो शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेला.

स्टेजमागे तिनं मला पकडलं. "आधी काय केलं व्हतंस ह्या डब्याला?" मी सगळं सांगितलं. पायऱ्या, पट्ट्या, शून्यं. तिला पायऱ्या कळल्या नाहीत, बाकी सगळं कळलं.

"म्हंजे मागं लग्नात बी ह्योच हुता. त्या जयंतीला बी."

"हो."

"माझा आवाज न्हाय गेला."

"नाही गं आत्या."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. मग मला जवळ ओढलं आणि रडली. मी तिला रडताना दोनदाच बघितलंय, एकदा बाबांच्या वेळी, एकदा तेव्हा. "एवढे दीस मी गप बसले," ती म्हणत होती. "घरात, मशीनवर, गप बसले." तिकडे मास्तरांनी काळी एकमध्ये गाणं सुरू केलं होतं. कीबोर्डवर कोणी तरी पोरगा बसवला होता आणि त्यांच्यासाठी यंत्र आपोआप सरळ झालं होतं. लाइट गेल्याचा फायदा कोणाला झाला असेल, तर तो मास्तरांना.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी कीबोर्ड पुढे घेतला, सेल घातले, बिस्किटांचा डबा उघडला आणि गंधाराची पट्टी ओठांत धरली. म्हटलं, बाबांचे सूर पुन्हा एकदा पक्के करून घेऊ, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला गडबड नको. आत्या समोर येऊन बसली. बराच वेळ माझी फुंकाफुंकी बघत होती.

मग तिनं हात पुढे करून पट्टी माझ्या तोंडातून काढून घेतली, पदराला पुसली आणि रुमालात ठेवली.

"ह्ये काय फुंकतीस? तुझ्या बापानं कोणाचं ऐकून घासली व्हती ती?" ती म्हणाली. "मी जित्ती हाय ना अजून."

तिनं डोळे मिटले आणि गंधार दिला. बाबांच्या पट्टीपेक्षा तो आता आणखी थोडा खाली होता. मी बटणावर बोट ठेवलं आणि यंत्र तिच्यापर्यंत उतरवलं. मग म्हटलं, "आत्या, दे पुन्हा."